पावसाळी टायर

माझे बाबा पाव विकायचे. बायका माहेर सांगताना आधी शेती सांगतात, मग विहीर, मग भाऊ किती ते. मला सांगायला एक सायकल होती आणि तिच्या कॅरियरवर दोरीनं आवळलेली पत्र्याची पेटी. शेलूबाजारच्या भट्टीवर उजाडायच्या आत पाव, खारी, टोस्ट त्या पेटीत भरायचे, वर मेणकापड ताणायचं आणि हमरस्त्यानं किन्हीराजाच्या अलीकडच्या वाड्यातांड्यांवर निघायचं, असा त्यांचा दिवस. हँडलला रबरी फुग्याचा भोंगा होता. तो दोनदा लांब आणि एकदा तोकडा वाजला की बायका सुपात नाहीतर ओच्यात ज्वारी घेऊन बाहेर यायच्या, कारण तिकडं निम्मा पाव धान्यावरच खपायचा. त्यामुळे येतानाही पेटी हलकी नसे. जाताना पाव, येताना ज्वारी, आणि सगळा भार मागच्या चाकावर. लग्नानंतर सासरी कुणीतरी विचारलं होतं, "तुहे बाबा काय करत?" मी "धंदा" एवढंच म्हणून विषय बदलला होता. त्याची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटली नाही.

आमचं घर बाजाराच्या मागं, दोन खोल्या आणि पुढं टिनाची पडवी. घरात सदा दोन वास असायचे, एक भाजलेल्या टोस्टचा आणि दुसरा पंक्चरच्या सोल्युशनचा. पाहुण्यांना दुसरा आधी यायचा, आम्हाला कोणताच येत नसे. पेटीच्या तळाशी राहिलेला चुरा आमच्या वाट्याचा. आई तो कांदा-मिरचीवर परतायची, चिमूटभर हळद टाकायची आणि ताटलीत देताना म्हणायची, "घ्या, साहेबाचा नाश्ता!" शेजारच्या पोरींना वाटायचं, हिच्या घरी रोज टोस्ट, केवढी चैन! खरं तर मला ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजीच आवडायची, पण त्या पोरी दिसल्या की मी चुऱ्याची ताटली घेऊन मुद्दाम दारात बसायचे. मी तशीच होते, मिजासखोर. घरात मी एकटीच, मागं-पुढं कुणी भावंड नाही, म्हणून तर आणखीच शेफारलेली. आई म्हणायची, "हे पोट्टी बापानं डोक्यावर बसवून ठेवली." बाबा म्हणायचे, "मंग काय कॅरियरवर बसवू? तठी पेटी हाये." आणि दोघं हसायचे.

पडवीच्या भिंतीत तीन खिळे होते आणि त्यावर टायर टांगलेले असायचे. सायकलला एक जोड चढलेली, उरलेल्या दोन खिळ्यांवर. पावसाळी जोड सगळ्यात नवी. पुढच्या टायरला उभ्या रेघा, म्हणजे चाक सरळ राहतं. मागच्याला खोल नक्षी, म्हणजे चिखलात पकड राहते. पावसाळी जोड चढली की दोन्ही मडगार्ड उतरायची, कारण आमच्याकडची काळी माती एकदा मडगार्डमध्ये भरली की चाक जागचं हलत नाही, सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. हिवाळी जोड अर्धी झिजलेली. त्या दिवसांत तुरीची, पऱ्हाटीची म्हणजे कपाशीची टोकदार फणकटं आणि कुंपणाला तोडलेल्या बाभळीचे काटे गाड्यांवरून रस्त्यावर सांडलेले असतात, म्हणून तिला आतून जुन्या टायरचं अस्तर लावायचं. आणि उन्हाळी जोड म्हणजे पार गुळगुळीत, नक्षीचा मागमूस नाही. उन्हाळ्यात डांबर पाघळतं, नक्षीत खडी चिकटून बसते, म्हणून टायर साफ पाहिजे आणि हवा दोन पंप कमी पाहिजे, नाहीतर भर दुपारी ट्यूब फटाक्यासारखी फुटते. हे सगळं बाबांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या पाठीनं आणि पोटऱ्यांनी त्यांना शिकवलं होतं.

जोड बदलायचा दिवस आमच्या घरी सणासारखा. बाबा सायकल उलटी करून पडवीत ठेवायचे, मी परातीत पाणी आणायची, आणि आईचं उलथनं गायब व्हायचं. टायर रिंगमधून काढायला तेच त्यांना बरं पडायचं. मग आतून आवाज यायचा, "माहं उलथनं कुठी गेलं व शोभे? आज पिठलं कायनं हालवू, पंपानं?" बाबा मला डोळा मारायचे आणि अगदी गरीब तोंडानं म्हणायचे, "आमी नाई पाह्यलं बुवा." ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते शोधायचं काम माझं. बुडबुडा दिसला की मी किंचाळायची आणि बाबा जिभेनं ओली केलेली पेन्सिल तिथं टेकवायचे. काम करता करता ते बोलायचे. एरवी अबोल माणूस, पण हातात पाना आला की तोंड सुटायचं. "टायर रस्ता पाहून घ्याव पोरी, आपली हौस पाहून नाई," हे तर मी शंभरदा ऐकलं असेल. आणि दुसरं म्हणजे, स्वाती सरल्याशिवाय पावसाळी जोड उतरवायची नाही. स्वाती म्हणजे पावसाचं शेवटचं नक्षत्र, दिवाळीच्या आगंमागं येतं. तोवर आभाळ कितीही निरभ्र असो, कापलेलं सोयाबीन शेतात पडलेलं असलं की हा पाऊस कुठून तरी येतोच, असं बाबा म्हणायचे. लोक हसायचे त्यांना. महिना महिना थेंब नाही आणि पाववाले खोल नक्षीचे टायर घसटत फिरून राह्यले, म्हणायचे.

माझी नात इथं वाशीमलाच असते, ती आता सायकल चालवते. बारीक चाकांची, वाकड्या हँडलची, एका बोटानं उचलता येईल अशी. तिचे चार-पाच जण मिळून पहाटे मालेगाव रोडला निघतात. मागच्या पावसाळ्यात ती मोबाइलवर टायर बघत बसली होती, पंचवीस मिलिमीटर रुंदीचा घेऊ का अठ्ठावीसचा घेऊ, आणि गुळगुळीत घेऊ का रेघांचा. मी भाजी निवडता निवडता म्हटलं, पावसाळ्यात रुंद घे, हवा थोडी कमी ठेव, आणि टायर जुना असेल तर नखानं दाबून बघ, रबर कडक झालं असेल तर फेकून दे. तिनं असं पाहिलं माझ्याकडं! मग मला शिकवायला लागली, आजी, नुसत्या ओल्या डांबरावर गुळगुळीत टायरही नीट धरतो. मी विचारलं, आणि डांबरावर काळ्या मातीचा लेप असला तर? ती म्हणाली, मग नाही धरत. म्हटलं, बस, तेवढंच लक्षात ठेव. तुला हे कसं माहीत, असं तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

माझी सायकल बाबांनीच जोडली होती. कुणाची फ्रेम, कुणाचं हँडल, चाकं मात्र त्यांच्या सायकलच्याच मापाची, म्हणजे टायर-ट्यूब एकमेकींना चालावेत. मी तिच्यावरून शाळेत जायची, आणि येताना हमरस्त्याला लागून जीपगाड्यांशी शर्यत लावायची. एकदा आमच्या खेळाच्या सरांनी मला पाहिलं. मला वाटलं आता मार खाते. पण सरांनी दुसऱ्या दिवशी बाबांना शाळेत बोलावलं आणि सांगितलं की वाशीमला शाळांच्या सायकल शर्यती आहेत, मुलींच्या वेगळ्या, पोरीला उतरवतो. जी पहिली येईल ती अमरावतीला जाईल, आणि तिथं जी निभावेल तिला खेळाच्या वसतिगृहात ठेवून घेतात, शिक्षण आणि सराव दोन्ही. तेव्हा आमचा जिल्हाही वेगळा झाला नव्हता, अमरावती म्हणजे मला जगाचं टोक वाटायचं. मला तिथं जायचं होतं. किती जायचं होतं ते आज सांगता येणार नाही. मी रात्रंदिवस तेच बोलायची, इतकं की आई म्हणाली, "अमरावतीले देऊन टाका हिले, मीच सुटतो एकदाची!"

अडचण टायरांची होती. माझ्या मागच्या टायरला एक चीर होती आणि आतून तुकडा घातलेला. चाक फिरलं की दर फेऱ्याला थप्प असा आवाज, आणि बुडाला एक हलका टोला. रोजच्याला काही वाटत नसे, पण शर्यतीला तशा टायरवर उतरायचं? शर्यत ऐन स्वातीत होती. आभाळ मात्र धुतल्यासारखं स्वच्छ, ऊन कडक, पंधरा-वीस दिवस ढगाचं नाव नव्हतं. बाबांच्या सायकलला पावसाळी जोड होती, आणि ती घरातली एकुलती एक जोड जिच्यात कुठं ठिगळ नव्हतं.

आदल्या दिवशी बाबा फेरीवरून आले, हातपाय धुऊन चहा घेत होते, तेव्हा मी विषय काढला. "बाबा, तुमची पावसाळी जोड मले द्या ना उद्यापुरती."

बाबांनी बशी खाली ठेवली. "ते कायले? वाशीमले साफ डांबर हाये. उन्हाळी जोड लाव, भिंगरीवानी पळन सायकल. नक्षीचा टायर डांबरावर जड जाते पोरी."

"ते झिजलेले टायर? तठी साऱ्या पोरी नवे टायर लावून येतीन, अन् मी टकला टायर घेऊन जाऊ?"

"टकला हाये म्हनूनच पळते ना!"

"मले मालूम हाये तुमी काहून नाई म्हनून राह्यले. तुमाले तुमचा टायर झिजवाचा नाई."

ज्या माणसानं भंगारातून एकेक आरा गोळा करून मला सायकल जोडून दिली, त्याला मी हे म्हटलं. आई आतून ओरडली, "शोभे, तोंड आवर!" पण मी कुठली ऐकते. मी भोकाड पसरलं. म्हटलं, मी जातच नाही मुळी, सरांना सांगा पोरगी मेली. जेवले नाही. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले आणि मधून मधून नाक ओढत राहिले, बाहेर ऐकू जावं म्हणून. दिवा लागायच्या सुमाराला पडवीतून पान्याचा आवाज आला. मी डोळे मिटूनच ओळखलं की बाबांनी सायकल उलटी केली आहे. आई त्यांना म्हणत होती, "अजून स्वाती सरली नाई, तुमीच त म्हनता." बाबा म्हणाले, "आभाळ पाहून राह्यली ना तू? उद्या काई येत नाई पानी. पोरीचं मन नोको मोडू." आणि मग थोड्या वेळानं, "हिवाळी जोडीले अस्तर लावाचं बाकी हाये. एक दिवस मी उन्हाळीवर काढतो." मी सगळं ऐकलं. ऐकून मला आनंद झाला. उठले, हात धुतले आणि दोन भाकरी खाल्ल्या.

सकाळी बाबा माझ्या आधी निघाले. पेटी बांधून झाली तेव्हा त्यांनी माझ्या सायकलचं मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं, हवा बरोबर आहे म्हणाले, आणि "घाबरजो नोको, पहिल्या फेरीत दम ठेवजो" एवढं सांगून भोंगा वाजवत गेले. मी त्यांच्या चाकांकडं पाहिलंसुद्धा नाही. माझं लक्ष माझ्या टायरांच्या नक्षीकडं होतं.

शर्यतीचं फार सांगण्यासारखं नाही. सायकल जीपच्या टपावर बांधून सर आम्हाला वाशीमला घेऊन गेले. रस्ता सपाट, डांबरी, कोरडा ठणठणीत. निघाल्यापासून माझ्या टायरांचा घुंऽऽ असा आवाज येत होता आणि मला तो आवाज फार रुबाबदार वाटत होता. निम्म्यात कळलं की पाय भरून येत आहेत. बाजूच्या पोरी माझ्याएवढं पायडल मारून पुढं सरकत होत्या आणि मला प्रत्येक हात अंतर ओढून काढावं लागत होतं. तरी मी पहिली आले. कशी आले देव जाणे, शेवटच्या वळणावर मी दात-ओठ खाऊन उभीच राहिले सायकलवर. सरांनी माझी पाठ थोपटली, आणि मग खाली वाकून चाक बघत म्हणाले, "अगं, हे पावसाळी टायर कशाला लावून आणलेस? गुळगुळीत असते तर पोरींना एवढं मागं टाकलं असतंस की त्या दिसल्याही नसत्या." मला राग आला. म्हटलं, आले ना पहिली? पण मनात कुठं तरी खट् झालं, की बाबा हेच म्हणत होते.

दुपारी आम्ही परत निघालो तेव्हा पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. मालेगाव येईपर्यंत वारा सुटला आणि मग असा पाऊस आला की जीपवाल्यानं काचा चढवल्या आणि गाडी बाजूला घेतली. अर्ध्या तासात ओसरला. पण त्या दिवसांत शेतोशेती सोयाबीनची मळणी चाललेली, ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून शेतात, त्यांच्या चाकांनी आणलेली काळी माती डांबरावर पसरलेली. तिच्यावर पाणी पडलं की रस्ता साबण होतो. जीपही दोनदा घसरली. आम्ही पोरी घाबरून किंचाळलो आणि मग हसलो. माझ्या मांडीवर बक्षिसाची ढाल होती, तिला मी ओढणीत गुंडाळून धरलं होतं. किन्हीराजा मागं टाकलं, पुलाचा उतार आला, आणि मला रस्त्यावर पाव दिसले.

उरलेले पाव, खारी, टोस्ट आणि बदल्यात आलेली ज्वारी, सगळं भिजून फुगलेलं, निम्म्या रस्त्यावर पसरलेलं. दोन शेळ्या ते खात होत्या. जीपवाला म्हणाला, "कोनाचं तरी नुकसान झालं वाटते." मी "थांबवा" म्हणून ओरडले की नाही आठवत नाही, पण गाडी थांबली. कडेला बाभळीला टेकवून बाबांची सायकल उभी होती, हँडल वाकडं झालेलं, पेटी चेपलेली. तांड्यावरची एक म्हातारी डोक्यावर पोतं घेऊन तिथं राखण करत बसली होती. "पाववाल्याची पोरगी नं तू?" ती म्हणाली. "ट्रॅक्टरवर घालून शेलूबाजारले नेलं त्याले. मी वरून पाहून राह्यलती माय. कोनी आडवं नाई आलं का काई नाई. उतारावर सायकल सपकन निंगून गेली पायाखालून, अन् पेटी पायावर." मी सायकलपाशी गेले. मागच्या टायरवर काळा लेप बसला होता. हात फिरवला, माती निघाली आणि खालून तो गुळगुळीत, कडक झालेला टायर निघाला. सरांनी मला दंडाला धरून गाडीत बसवलं.

मांडीचं हाड मोडलं होतं. अकोल्याला नेलं, पाय टांगून ठेवला, मग प्लास्टर. हाड जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड राहिला तो राहिलाच. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा खोलीत चार-सहा माणसं होती आणि बाबा त्यांना सांगत होते, "कुत्रं आडवं आलं ना! काय करता? त्याले वाचवाले गेलो अन् मीच पडलो." मी दारातच थांबले. बाबांनी मला पाहिलं आणि आवाज चढवून पुन्हा म्हणाले, "कुत्रं आलं म्हनून, नाईतं सायकलले काई होत नव्हतं." मग मला म्हणाले, "पहिली आली म्हने? दाखव ढाल." पुढं ज्याला त्याला ते हीच गोष्ट सांगत गेले. हळूहळू त्या कुत्र्याला तांबडा रंग आला, एक तुटका कान आला. लोक म्हणायचे, पाववाले लय दयाळू माणूस, जनावरापायी पाय मोडून घेतला. टायरांचं कुणी विचारलं नाही आणि आम्ही तिघांनी कुणाला सांगितलं नाही.

बाबांना घरी आणल्यावर दोन आठवड्यांनी सर आले, अमरावतीची तारीख घेऊन. मी म्हटलं, मी येत नाही. बाबांच्या खाटेसमोरच म्हटलं. सर समजावून थकले. बाबा म्हणाले, "जाय पोरी. घरच्या कामाले तुह्या मावशीले बोलावून घेतो मी." मी म्हटलं, "मी आता सायकलले हात लावत नाई." त्याच दिवशी मी माझ्या सायकलचे टायर उतरवून खिळ्याला टांगले आणि रिंगांवर उभी सायकल मागच्या भिंतीला लावून दिली. मला वाटलं, मी फार मोठी शिक्षा भोगते आहे. विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर बायका मला जवळ घेऊन म्हणायच्या, बापासाठी पोरीनं सायकल सोडली, अमरावती सोडली, अशी माया पाहिजे. आणि मला, सांगते ना, बरं वाटायचं. आत दुखायचंही आणि बरंही वाटायचं.

पण घर चालायला पाव खपायला पाहिजे होता. बाबांची फेरी आईनं घेतली, आणि आईला सायकल येत नव्हती. भट्टीवरून टोपलं भरून ती डोक्यावर घ्यायची आणि पायी निघायची, जवळच्या दोन वाड्या कशाबशा व्हायच्या. एकदाच तिनं मला विचारलं, "सकायी एक फेरी तू मारशीन काय शोभे? सायकलवर तुले किती येळ लागते?" मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, तुला माझं दुःख कळत नाही. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. ज्वारीचं टोपलं घेऊन ती परत यायची तेव्हा तिची मान एका बाजूला कललेली असायची, आणि पुढं ती तशीच राहिली. बाबा खाटेवरून पाहायचे. तिला पाहायचे, मग मागच्या भिंतीला लावलेल्या माझ्या सायकलकडं पाहायचे. मला वाटायचं, त्यांना तो उतार आठवत असेल. म्हणून मी सायकलवर एक पोतं टाकून दिलं, त्यांना दिसू नये म्हणून. केवढी शहाणी मी!

पुढं माझं लग्न वाशीमला झालं, अंगणवाडीची नोकरी लागली, पोरं झाली. आई गेली. त्यानंतर मी बाबांना माझ्याकडं आणलं. ते पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे, काठी दोन पायांत धरून, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चाकांना नावं ठेवायचे. "या मोटरसायकलवाल्याचा मागचा टायर पाह्य, पडन हा एक दिवस." पोरं हसायची. मला मात्र दर वेळी वाटायचं, आता त्या दिवसाचं बोलतील, आता बोलतील. ते काही बोलले नाहीत. शेवटच्या वर्षी, हिवाळ्यातली दुपार होती, घरात आम्ही दोघंच, मी ओट्यावर त्यांच्या आखूड पायाला तेल लावत होते. तो पाय हातात होता आणि मला राहवलं नाही. चाळीस वर्षांचं पोरपण घेऊन मी म्हटलं, "बाबा, कुत्रं नव्हतं ना?"

"नव्हतं," ते म्हणाले. इतक्या सहज, की मी काय विचारलं हे मलाच क्षणभर कळेना.

"माह्या टायरापायी झालं ते."

"पान्यापायी झालं. टायर मीच देला ना तुले, माह्या हातानं चढवून देला." मग पायाकडं बघत म्हणाले, "तुले एक विचाराचं होतं मले. लय दिवसाचं विचाराचं होतं. पाय माहा मोडला शोभे. सायकल तू काहून सोडली?"

तेल माझ्या हातावरच राहिलं.

"मी खाटेवरून रोज पाहो," ते म्हणाले. "तुही माय टोपलं घेऊन निंगे, तवा मले वाटे, आज पोरगी सायकल काढीन. आज नाई तं उद्या काढीन. कोनतेबी टायर लावीन अन् काढीन. मी त्या आशेवर उठून बसो सकायी. तू त पोतं टाकून देलं तिच्यावर."

"मले वाटलं," मी म्हटलं, "सायकल नाई दिसली तं तुमाले बरं वाटन."

"मले?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. अकोल्याला पाय टांगलेला असताना, प्लास्टर काढताना, पहिल्यांदा जमिनीवर तो पाय टेकताना मी या माणसाच्या डोळ्यात पाणी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी ओट्यावर बसून ते तोंडावर उपरणं धरून रडले, अगदी हुंदके देऊन, आणि मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.